चोपन्न तासांचा आठवडा

मराठवाड्यातल्या वाशी तालुक्यात रेल्वे कधी आलीच नाही. जवळचं स्टेशन येडशीचं. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीला पोचली आणि पुढे येडशीवरून १९११ च्या सुमारास लातूरला गेली. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी या भागाला बाहेरच्या बाजारपेठांशी जोडत होती. पण बालाघाटच्या पठारावरच्या गावांतून येडशी किंवा बार्शी गाठायची तर बैलगाडीला पर्याय नव्हता. बैल थकले की गाडी सोडावी लागे, पाणी दाखवावं लागे, वैरण टाकावी लागे. जनावराला विसावा हवा, म्हणून गाडीवानालाही तो मिळे. पुढे मोटार आली आणि माणसाच्या विसाव्याचा हा जुना आधार गेला. इंजिनला झोप लागत नाही.

हा सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानानं १९३२ साली रेल्वेच्याच अखत्यारीत रस्ता वाहतुकीचं खातं काढलं आणि २७ बसगाड्यांनिशी सुरुवात केली. रेल्वे आणि बस एकाच धन्याच्या, त्यामुळे दोघींत भांडण लागायचा प्रश्न तिथे नव्हता.

ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र तोच प्रश्न सरकारला छळत होता. मोटारी रेल्वेचा उतारू पळवत होत्या, मालही पळवत होत्या. मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी १९३३ साली रेल्वे आणि रस्त्याच्या स्पर्धेवर अहवाल दिला. १९३७ साली वेजवुड समितीनं रेल्वेची चौकशी करताना हाच विषय पुन्हा मांडला. त्यातून १९३९ चा मोटार वाहन कायदा आकाराला आला. कोणत्या गाडीनं कोणत्या मार्गावर धंदा करायचा, यासाठी परवान्यांचं मोठं प्रकरण त्यात घातलं गेलं. त्याच प्रकरणात, परवान्यांच्या गर्दीत, ६५ वं कलम होतं. मालवाहू किंवा प्रवासी गाडी चालवणाऱ्या नोकराकडून सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची. दिवसाला नऊ तासांच्या वर नाही. आठवड्याला ५४ तासांच्या वर नाही.

ट्रक ड्रायव्हरच्या आठवड्याला या देशातल्या कायद्यानं घातलेली ही पहिली मोठी मर्यादा. त्याच वर्षी जूनमध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेनं रस्ता वाहतुकीतल्या कामाच्या तासांविषयी ६७ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यात आठवड्याला ४८ तास होते, रोजची बारा तास सलग विश्रांती होती आणि प्रत्येक ड्रायव्हरजवळ स्वतःची नोंदवही असावी असं कलम होतं. दोनच महिन्यांनी दुसरं महायुद्ध पेटलं. तो करार फार थोड्या देशांनी स्वीकारला, आणि त्यांत हिंदुस्थान नव्हता.

६५ व्या कलमाची रचना बारकाईनं पाहायला हवी, कारण पुढचं सगळं दुखणं तिथे सुरू होतं. ब्रिटनच्या १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्यातलं याच विषयावरचं कलम ड्रायव्हरला आणि मालकाला, दोघांनाही बांधत होतं. कोणी स्वतः गाडी चालवायची नाही आणि नोकराला चालवायला लावायची नाही, साडेपाच तासांच्या वर सलग नाही, चोवीस तासांत अकराच्या वर नाही, असा त्याचा सूर. आपल्या कायद्यानं फक्त मालकाला उद्देशून मनाई केली. नोकराला किंवा आपल्या हुकमतीतल्या माणसाला जास्त राबवू नका, एवढंच. जो स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर, त्याच्या झोपेचा विचार त्या कलमात नव्हता. १९३९ साली ही फट कदाचित लहान वाटली असेल. पुढच्या पन्नास वर्षांत देशाचा निम्माशिम्मा ट्रकधंदा त्याच फटीत जाऊन बसला.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि १९५१ साली केंद्राचे बरेच कायदे तिथे लागू झाले, त्यांत मोटार वाहन कायदाही होता. वाशी तेव्हा तालुका नव्हता. ट्रकही मोजकेच. पण देशभर चित्र बदलत होतं. युद्धानंतर लष्करानं लिलावात काढलेले जुने ट्रक घेऊन कित्येकांनी धंदा मांडला होता. १९५४ साली जमशेदपूरच्या कारखान्यातून टाटा-मर्सिडीज-बेंझचा पहिला ट्रक बाहेर पडला, आणि रेल्वे पोचत नाही तिथे ट्रक पोचू लागला.

मग १९६१ साल उजाडलं. गुलझारीलाल नंदा केंद्रात श्रममंत्री होते. त्या वर्षी मे महिन्यात मोटार वाहतूक कामगार कायदा झाला आणि ड्रायव्हर, क्लीनर, कंडक्टर, तपासनीस या सगळ्यांना प्रथमच एक स्वतंत्र श्रमिक कायदा मिळाला. कागदावर तो आजही वाचावा असा आहे. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. लांबच्या मार्गावर किंवा सणासुदीला, तेही अधिकाऱ्याची परवानगी असेल तर, दिवसाला दहा आणि आठवड्याला ५४. पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती. कामाला लागल्यापासून सुटेपर्यंतचा सगळा पसारा बारा तासांच्या आत. एक दिवसाचं काम संपलं की दुसऱ्या दिवशीचं सुरू होण्याआधी सलग नऊ तास मोकळे. सात दिवसांत एक सुटी. जिथे कामगाराला रात्री मुक्काम करावा लागतो तिथे विश्रांतीची खोली. गणवेश, प्रथमोपचार, ओव्हरटाइमचा दुप्पट दर.

या कायद्याचं सोनं कुणी केलं असेल तर ते एसटीनं. त्याच वर्षी मराठवाड्याची आणि विदर्भाची सरकारी बसवाहतूक एकत्र येऊन महाराष्ट्राचं महामंडळ आकाराला आलं. डेपो होते, वेळापत्रक होतं, ड्यूटीचा तक्ता भिंतीवर लागत होता, युनियन होती. रात्रीचा मुक्काम कुठे, सकाळची पहिली गाडी कोण नेणार, हे आधी ठरत होतं. त्या विश्रांतीगृहांची अवस्था कशी होती यावर बोलायला पुष्कळ आहे. तरी ड्रायव्हरचा दिवस कुठे संपतो, हे तिथे कुणीतरी लिहून ठेवत होतं.

ट्रकच्या धंद्यात हे लिहिणारं कुणी नव्हतं. कायदा लागू होता पाच किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या वाहतूक संस्थेला. राज्य सरकारनं मनात आणलं तर त्याहून लहान संस्थांनाही तो लावता येत होता. पण ट्रकचा मालक बहुधा एका किंवा दोन गाड्यांचा. १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, छोट्या वाहतूकदाराला अग्रक्रमानं कर्ज द्यायचं धोरण आलं, आणि कोरडवाहू शेतीच्या जोडीला हप्त्यानं ट्रक काढण्याची वाट खुली झाली. मराठवाड्यात, जिथे पावसाचा भरवसा नाही आणि कारखाने नाहीत, तिथे या वाटेनं कित्येक घरं उभी राहिली. ते धोरण चांगलंच होतं. पण घराच्या अंगणात उभ्या असलेल्या एका ट्रकला कामगार किती? एक ड्रायव्हर, एक क्लीनर. कधी ड्रायव्हरच मालक आणि क्लीनर त्याचा पुतण्या. पाचाचा आकडा गाठायचा कसा?

शिवाय ‘कामाचे तास’ कशाला म्हणायचं, याची या कायद्यातली व्याख्या ट्रकला फार महागात पडली. गाडी चालवण्याचा वेळ कामात धरला, गाडीची जोडकामंही धरली. पण गाडीच्या टोकाच्या ठिकाणी नुसतं हजर राहण्याचा वेळ पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तरच तो कामात मोजायचा. बसच्या बाबतीत हे समजण्यासारखं आहे. गाडी स्टँडवर लागली, पुढची फेरी तासाभरानं आहे, ड्रायव्हर चहा प्यायला गेला. ट्रकवाल्याची वाट पाहणं तसलं नसतं. साखर कारखान्याच्या यार्डात नंबर लावून उभी राहिलेली उसाची गाडी गव्हाणीपर्यंत पोचायला कधी अख्खी रात्र घेते. नंबर पुढे सरकला की गाडी पुढे घ्यायची, म्हणून डोळा लावायची सोय नाही. मार्केट यार्डात आडत्याची माणसं आली की माल खाली होणार, तोवर थांबा. कंपनीच्या दारात गेटपास मिळेपर्यंत थांबा. एवढं थांबून झालं, माल उतरला, की हुंडेकऱ्याचा फोन: परतीचं भाडं मिळालंय, रातोरात निघ. बारा तासांच्या पसाऱ्यात हे थांबणं खरं तर मोडायला हवं होतं. पण तो पसारा मोजायला घड्याळ घेऊन उभा राहणारा निरीक्षक पाच कामगार असलेल्या संस्थेच्याच दारात जाऊ शकत होता.

इथे मला एका शेजाऱ्याची आठवण करून द्यावीशी वाटते. तो शेजारी म्हणजे हमाल. ट्रकच्या फाळक्याशी हे दोघे रोज भेटतात. एक माल आणतो, दुसरा उतरवतो. १९६०च्या दशकापर्यंत दोघांची स्थिती सारखीच होती. हजेरीपट नाही, ठरलेला मालक नाही, रजा नाही, कामाचे तास नाहीत. पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत १९५५ पासून उभी राहिली होती. मुंबईच्या गोदीत आणि बाजारांत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगार बांधले. त्यातून १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. या कायद्याची कल्पना अशी होती: मालक रोज बदलतो तर बदलू दे, कामगाराची नोंद मंडळाकडे होईल, मजुरी मंडळामार्फत जाईल, भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस मंडळ सांभाळेल. मालकाकडे किती माणसं आहेत हा प्रश्नच त्यानं बाजूला सारला.

ड्रायव्हरसाठी असं मंडळ का झालं नाही? मला दिसणारं कारण साधं आहे. हमाल एका बाजारात, एका धक्क्यावर जमतात. सकाळी दोनशे माणसं एका ठिकाणी बसलेली असतात, त्यांच्यासमोर उभं राहून बोलता येतं, काम बंद पाडता येतं. ड्रायव्हर आज सोलापूरला, उद्या धुळ्याला, परवा इंदूरला. त्याची संघटना झाली ती बहुधा मालकांच्या संघटनेच्या सावलीत. संपाची हाक आली की गाड्या थांबतात, पण मागण्या असतात डिझेलच्या, टोलच्या, विम्याच्या. झोपेची मागणी त्या यादीत वर येत नाही. यात मालकांना दोष द्यावा असंही नाही. एका ट्रकचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस काय मागणार?

तरीही एक तरतूद अशी होती, की ती टिकली असती तर खूप काही झालं असतं. १९७५ साली राष्ट्रीय परवान्याची योजना आली आणि ट्रक राज्याच्या हद्दी ओलांडून लांबवर धावू लागले. १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा जुलै १९८९ पासून लागू झाला, आणि त्याखालच्या केंद्रीय नियमांत राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकवर किमान दोन ड्रायव्हर असले पाहिजेत, असं लिहिलं गेलं. ड्रायव्हरच्या सीटमागे गाडीच्या पूर्ण रुंदीची आडवी जागा हवी, दुसऱ्या ड्रायव्हरला पाय पसरून झोपता येईल अशी. तास मोजत बसण्यापेक्षा गाडीतच दुसरा माणूस आणि त्याचं अंथरूण ठेवण्याचा हा विचार मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा वाटतो. त्यात निरीक्षकाला हजेरीपट उघडावा लागत नाही. गाडी थांबवली, केबिनमध्ये पाहिलं, की कळतं. प्रत्यक्षात ‘दुसरा ड्रायव्हर’ म्हणून क्लीनर दाखवला जाई, हेही खरं. वाहतूकदार म्हणत, ड्रायव्हर मिळत नाहीत, आणि दोघांचा पगार भाड्यात निघत नाही. अखेर २०१८ साली केंद्रानं नियम बदलला. फास्टॅग आणि गाडीचा माग काढणारं यंत्र बसवायचं, दोन ड्रायव्हरांची सक्ती राहणार नाही. गाडीवर नजर ठेवणारी यंत्रणा आली आणि गाडीतला दुसरा माणूस उतरला.

त्याच सुमारास वाशीच्या अंगावरून जाणारा रस्ता पार बदलला. सोलापूर-धुळे हा पूर्वीचा २११ क्रमांकाचा महामार्ग, आता ५२. येडशीच्या पुढे येरमाळा, मग फटाक्यांसाठी नाव असलेलं तेरखेडा, पुढे पारगावचा टोलनाका आणि त्यानंतर बीड जिल्ह्याची हद्द, चौसाळा, मांजरसुंब्याचा घाट. दक्षिणेकडून उत्तर भारतात जाणाऱ्या मालाची ही मोठी वाट. येडशी ते औरंगाबाद हा पट्टा चौपदरी झाला, गावं बाजूला पडली, गाड्यांचा वेग वाढला. पूर्वीच्या अरुंद रस्त्यावर खड्डे, समोरचे दिवे, गावातली वर्दळ ड्रायव्हरला जागं ठेवत. सरळ, मोकळ्या रस्त्यावर पहाटे तीनला डुलकी येते ती न सांगता येते. आणि थांबावं म्हटलं तर कुठे? ताडपत्री फाडून माल काढण्याचे, झोपलेल्या ड्रायव्हरच्या गाडीतून डिझेल उपसण्याचे प्रकार या पट्ट्यात पोलिसांच्या दप्तरी वारंवार येतात. गेलेल्या डिझेलचे पैसे बहुतेक वेळा ड्रायव्हरच्याच भत्त्यातून कापले जातात. म्हणून तो डोळे चोळत पुढचा उजेडाचा ढाबा येईपर्यंत गाडी रेटतो.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात नाके आणि विक्रीकराचे नाके गेले. नाक्यावरच्या रांगेत जाणारा वेळ वाचला, ही ड्रायव्हरसाठी खरोखर चांगली गोष्ट होती. पण वाचलेला वेळ त्याच्या झोपेत गेला नाही, पुढच्या ट्रिपेत गेला. ई-वे बिल आलं तेव्हा शंभर किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत होती. जानेवारी २०२१ पासून ती दोनशे किलोमीटरला एक दिवस झाली. मालाच्या कागदाला मुदत आहे, ती संपली तर दंड आहे. २०२० साली सेव्हलाइफ फाउंडेशननं देशातल्या १,२१७ ट्रक ड्रायव्हरांशी बोलून पाहणी केली. दिवसाला सरासरी बारा तास गाडी चालवतो, असं चित्र त्यातून पुढे आलं, आणि जवळपास निम्म्यांनी कबूल केलं की थकवा किंवा झोप आली असतानाही आपण चालवत राहतो. बारा तास गुणिले सात म्हणजे ८४. १९३९ च्या कायद्यानं ठरवलेल्या आठवड्यापेक्षा तीस तास जास्त.

अपघात झाला की मात्र कायदा थेट ड्रायव्हरकडे येतो. १९६१ च्या कायद्यात तासांचा नियम मोडणाऱ्या मालकाला जास्तीत जास्त तीन महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड. ज्याच्या हातून माणूस मेला त्या ड्रायव्हरला जुन्या दंडविधानाच्या ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत. नव्या न्यायसंहितेच्या १०६ व्या कलमात, अपघातानंतर न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद लिहिली गेली. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरचे ड्रायव्हर रस्त्यावर उतरले ते याविरुद्ध. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघाले नाहीत, आणि महाराष्ट्रभर पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. मालकांच्या सावलीतून बाहेर येऊन ड्रायव्हर स्वतःसाठी बोलले, असा तो दुर्मीळ प्रसंग. सरकारनं चर्चा केली, आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम थांबवून ठेवलं. पळून जाणं समर्थनीय नाही. जखमीला रस्त्यावर टाकून जाणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण त्या दोन दिवसांत कुणी विचारलं नाही, की त्या ड्रायव्हरला आदल्या रात्री किती झोप मिळाली होती, आणि ती न मिळू देणारा कोण.

विचारणारे अगदीच नव्हते असं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये नितीन गडकरींनी विमानाच्या पायलटसारखे ट्रक ड्रायव्हरचेही तास बांधून द्यावेत, असं सुचवलं होतं. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. महामार्गांवर ड्रायव्हरांसाठी हजार विश्रांतीगृहं बांधण्याची घोषणा फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी केली. कोइम्बतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजसेकरन यांनी २०१२ साली रस्ते सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. मोडलेली हाडं जोडणाऱ्या डॉक्टरानं, ती मुळात मोडतातच का म्हणून कोर्टात जावं, याचा मला फार आदर वाटतो. त्याच याचिकेत एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयानं केंद्राला आणि राज्यांना सांगितलं, की दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा अंमलात कशी आणणार ते ठरवा आणि कळवा.

राज्यं उत्तरं तयार करत असतानाच, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. नव्या संहितेत वाहतूक संस्थेसाठी कामगारांची किमान संख्या आहे दहा. जुन्या कायद्यात ती पाच होती. जी रेघ चौसष्ट वर्षांपूर्वीच एका-दोन ट्रकांच्या मालकापासून फार दूर होती, ती आणखी दुप्पट दूर सरकली.

एक धागा अजून हाताशी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ९१ वं कलम मालकाकडे किती माणसं आहेत हे विचारत नाही. वाहतुकीची गाडी चालवायला नेमलेल्या कुणाचेही तास ते बांधतं, आणि त्याच्या नोंदी ठेवायला लावण्याचा अधिकार राज्य सरकारला देतं. ते राबवायला नवा निरीक्षक नेमावा लागणार नाही. कोणता ट्रक पारगावच्या नाक्यावरून किती वाजून किती मिनिटांनी गेला आणि पुढच्या नाक्यावर कधी पोचला, ही नोंद फास्टॅगमुळे आज आपोआप होते. तो ट्रक चोवीस तासांत कुठे सलग नऊ तास थांबला की नाही, हे त्या नोंदींवरून काढता येतं. त्यासाठी परवान्यावर गाडीच्या नंबराइतकाच ड्रायव्हरचा नंबरही लागतो, कारखान्याच्या आणि कंपनीच्या दारातल्या थांबण्याच्या तासांना भाड्यात वेगळा दर लागतो, आणि तेरखेड्यापासून चौसाळ्यापर्यंत कुठेतरी दिवे, पाणी आणि पहारा असलेला वाहनतळ लागतो. त्यातलं पहिलं काम परिवहन खात्याचं, दुसरं साखर आयुक्तांपासून बाजार समित्यांपर्यंत सगळ्यांचं, तिसरं टोल घेणाऱ्यांचं.